कॉलनीतलं पाळणाघर वाढवायचंय? आधी घराचा मंजूर नकाशा शोधा

आपल्याकडं पाळणाघर कसं सुरू होतं ते सगळ्यांना माहितीये. एखाद्या ताई घरातल्या घरात दोन पोरं सांभाळायला घेतात, एक शेजारच्या मास्तरीणबाईंचं, एक बँकेतल्या मॅडमचं, मग त्या मॅडम ऑफिसात सांगतात आणि बघता बघता हॉलमध्ये बारा-पंधरा पोरं होतात, किचनच्या ओट्यावर डब्यांची रांग लागते आणि ताई म्हणतात की आता वर एक मजला चढवून टाकू नाहीतर शेजारचं घर भाड्यानं घेऊ. जळगाव, धुळे, भुसावळ, कुठंही जा, हेच. नवराबायको दोघं नोकरीवर, सासूबाई गावाकडं शेती बघतात, मग लेकरू ठेवायचं कुठं? म्हणजे गरज खरी आहे आणि धंदाही चांगला आहे. अडचण येते ती इथून पुढं, कारण पोरं सांभाळणं हा एक विषय आणि त्यासाठी इमारत वाढवणं हा कायद्याच्या नजरेत पूर्ण वेगळा विषय.

मी नकाशे तयार करून मंजुरीला टाकायचं काम करतो, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं वरचेवर येतो आणि दर वेळी सुरुवात एकाच वाक्यानं होते, "आमच्याकडं गुमास्ता आहे, उद्यमचं सर्टिफिकेट पण आहे, मग अजून काय लागतं?" लागतं ना भाऊ. गुमास्ता आणि उद्यम तुमच्या धंद्याची नोंद आहे. त्या धंद्यासाठी ती इमारत चालते का, त्या प्लॉटवर तो वापर बसतो का, याच्याशी त्या दोन्ही कागदांचा काडीचा संबंध नाही. ते ठरवतो नगररचना विभाग.

आता कायदा काय म्हणतो ते एकदा नीट समजून घ्या, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ सालचा. बोलताना सगळे त्याला एमआरटीपीच म्हणतात. त्यात 'विकास' म्हणजे नुसतं बांधकाम नाही. इमारतीच्या किंवा जागेच्या वापरात मोठा बदल करणं हाही विकासच. म्हणजे एक वीटही न रचता राहतं घर पूर्णवेळ पाळणाघर केलं तरी परवानगी लागू शकते. बरेच जण इथंच अडकतात, "आम्ही तर बांधकामच केलं नाही, नोटीस कसली?" असं म्हणत ऑफिसात भांडायला जातात.

मग आजवर हॉलमध्ये पोरं सांभाळली ते बेकायदेशीर होतं का? तर तसं नाही. घरच्या माणसांनी राहत्या घरात केलेला छोटासा उद्योग निवासी वापरातच धरला जातो. ताई स्वतः, सोबत सून, आठ-दहा पोरं, रात्री घर पुन्हा घर, तर कोणी त्याकडं वेगळा वापर म्हणून बघत नाही. पण चार मावश्या पगारी ठेवल्या, बाहेर फ्लेक्स लावला, राहायला दुसरीकडं गेलात आणि अख्खं घर पोरांना दिलं की ते 'घरात चाललेलं काम' राहत नाही. विस्तार म्हणजे नुसत्या जादा खोल्या नाहीत, तुम्ही एका खान्यातून दुसऱ्या खान्यात जाता.

आता झोनचं. लोकांच्या डोक्यात भीती असते की निवासी झोन आहे म्हणजे पाळणाघर चालणारच नाही, कमर्शियल पाहिजे. तसं काही नाही. राज्यात मुंबई आणि काही ठराविक भाग सोडून डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे, एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, बोलीभाषेत यूडीसीपीआर. जळगाव आणि धुळे महापालिका त्यातच आल्या आणि भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, नंदुरबारच्या नगरपरिषदाही त्यातच. तिच्या चौथ्या प्रकरणात कुठल्या झोनमध्ये काय चालतं ते दिलंय. निवासीचे दोन प्रकार, आर-१ आणि आर-२. अरुंद रस्त्यावरचे प्लॉट आर-१ मध्ये, रुंद रस्त्यावरचे आर-२ मध्ये, आणि आर-२ मध्ये जास्त प्रकारचे वापर चालतात. पाळणाघर, बालवाडी हे मुळात वस्तीतच असायचे वापर आहेत, त्यामुळं नुसत्या झोनवरून फाईल अडकलेली क्वचितच बघायला मिळते. अडकते ती रस्ता, पार्किंग आणि मार्जिनवर, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायच्या जागेवर.

म्हणून पहिलं काम म्हणजे झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. महापालिकेत किंवा नगरपरिषदेत अर्ज करा, गट नंबर आणि प्लॉट नंबर टाकून. या दोन्ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येतात, म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्याव्याच लागतात, "साहेब मीटिंगला गेलेत" हे उत्तर कायम चालत नाही. त्या नकाशावर दोन गोष्टी बघा. तुमच्या प्लॉटवर कुठलं आरक्षण आहे का, आणि समोरचा रस्ता शहराच्या विकास आराखड्यात किती रुंद दाखवलाय. जागेवर रस्ता ६ मीटरचा दिसतो आणि आराखड्यात तो १२ चा असतो, म्हणजे उद्या रुंदीकरणात तुमचं कंपाऊंड आणि कदाचित पोर्चही जाणार. असल्या प्लॉटवर पोरांसाठी पुढं झोपाळा-घसरगुंडी बसवायची असेल तर आधी विचार करा.

प्लॉट शहराच्या हद्दीबाहेर असेल, म्हणजे गावाला लागून नवीन पडलेले ले-आऊट असतात तसा, तर ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर विसंबू नका. गावठाणाबाहेर बांधकाम परवानगीचा विषय जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना शाखेकडं जातो. आणि जागा एमआयडीसीत असेल तर महापालिका नाही, एमआयडीसीच परवानगी देते. जळगावला चटईचे, पाईपचे कारखाने आहेत, तिथल्या कामगार बायांसाठी एमआयडीसीतच पाळणाघर काढायचा विचार कोणी करत असेल तर हे लक्षात ठेवा, कारण २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे, आणि कारखान्याजवळच ते काढलं तर गिऱ्हाईक शोधत फिरायची गरज नाही.

आता खरा मुद्दा. तुमची घरं दोन असतात, एक कागदावरचं आणि एक जागेवरचं. आपल्या खान्देशात या दोघांची भेट फार कमी होते. का? ऊन. मे महिन्यात भुसावळला, जळगावला पारा ४५ च्या पुढं जातो, मग माणूस काय करतो, घराच्या बाजूला जी मोकळी जागा सोडलेली असते तिथं पत्र्याचं शेड टाकतो, वर हिरवी जाळी, खाली कूलर, झालं. दहा घरांत नऊ ठिकाणी हे शेड दिसेल. कोणालाच ते बांधकाम वाटत नाही. पण नकाशात ती जागा मार्जिन म्हणून मोकळी दाखवलेली असते, आणि ज्या दिवशी तुम्ही वाढीव परवानगीला अर्ज करता त्या दिवशी साइट बघायला येणारा माणूस पहिलं तेच बघतो.

एक उदाहरण घेऊन सांगतो, आकडे सोपे धरलेत. समजा जळगावात पिंप्राळ्याकडं १० बाय १५ मीटरचा प्लॉट, म्हणजे १५० चौरस मीटर. दाट वस्तीच्या बाहेर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१० मिळतो, म्हणजे १६५ चौरस मीटर बांधता येतं. मंजूर नकाशात पुढं ३ मीटर, बाकी तिन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडलंय, मधलं घर ७ बाय साडेदहा भरतं, ७३.५ चौरस मीटर. वर तेवढाच मजला चढवला तर १४७. एफएसआयमध्ये आरामात बसलं, ताई खूश. पण बाजूच्या दीड मीटरमध्ये दहा मीटर लांब शेड आहे, १५ चौरस मीटरचं. ते धरलं तरी १६२ च होतात, १६५ च्या आतच. मग हरकत काय? हरकत ही की एफएसआय आणि मार्जिन हे दोन वेगळे हिशोब आहेत. एकात पास झालात म्हणून दुसऱ्यात पास होत नाही. ती बाजूची पट्टी हवा-उजेडासाठी आणि आग लागली तर माणूस फिरायला मोकळी पाहिजे, तुमच्याकडं एफएसआय कितीही शिल्लक असू द्या. आणि पाळणाघरात हा मुद्दा मला तरी पटतो, वीस लेकरं आत झोपलेली असताना बाजूची वाट पत्र्यानं आणि जुन्या फ्रीजनं अडलेली असणं बरं नाही.

तेव्हा शेड काढा, किंवा नियमात जेवढं बसतं तेवढ्यावर आणा, आणि मग अर्ज करा. उलट क्रमानं केलं तर तुमच्याच अर्जामुळं तुमचं जुनं बांधकाम फाईलवर येतं.

मंजूर नकाशा सापडत नसेल तर? वडलांनी पंचवीस वर्षांपूर्वी घर बांधलं, नकाशा कुठल्या तरी ट्रंकेत होता, आता नाही. महापालिकेत माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तर द्यायची मुदत ३० दिवस. सोबत एनए ऑर्डरची, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याच्या आदेशाची कॉपी काढा, तिच्यात ले-आऊट कशासाठी मंजूर झालाय आणि अटी काय आहेत ते लिहिलेलं असतं. भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे कम्प्लिशन म्हणतात, ते घेतलेलंच नसेल तर आधी ते मार्गी लावायला लागतं. अर्धवट कागदावर वाढीव मजला चढत नाही.

रस्त्याच्या रुंदीचा अजून एक फटका आहे. मूळ १.१० च्या वर अजून बांधायचं असेल तर प्रीमियम भरून किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क) घेऊन मिळतं, पण ९ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर हा वरचा एफएसआय मिळतच नाही. आपल्या जुन्या कॉलन्यांमधले आतले रस्ते बहुतेक तसलेच. तिथं पैसे असून उपयोग नाही.

पार्किंगवर भांडणं सगळ्यात जास्त होतात, ऑफिसातही आणि कॉलनीतही. नियमात एका कारला अडीच बाय पाच मीटर आणि एका दुचाकीला एक बाय दोन मीटर जागा धरतात. वापर बदलला की किती गाड्यांची जागा दाखवायची तो तक्ताही बदलतो, घराला लागतं तेवढंच पाळणाघराला लागतं असं नाही. वरच्या उदाहरणात पुढं ३ मीटरची पट्टी आहे, तिथं तुम्ही तुळस, झोका आणि पाण्याची टाकी ठेवलीय, मग नकाशात पार्किंग दाखवणार कुठं? कागदावर दाखवलं आणि जागेवर टाकी असली की तक्रार आलीच म्हणून समजा. सकाळी साडेनऊला सगळे आईबाप एकदमच येतात, दहा स्कूट्या रस्त्यावर आडव्या-तिडव्या, समोरच्या काकांना गाडी काढता येत नाही, ते गेटवर उभं राहून म्हणतात "आठे गाडी नको लावू भाऊ", आणि तिसऱ्या दिवशी अर्ज महापालिकेत. त्या अर्जात काकांनी लिहिलेलं असतं मार्जिन आणि पार्किंगबद्दल, पण दुखणं असतं गेटसमोरच्या स्कूटीचं. मी तर सरळ सांगतो, पोरं सोडायच्या वेळा दोन टप्प्यांत करा, एका मावशीला त्या अर्ध्या तासात गेटवरच उभं करा. हा काही नियम नाही, पण नियमापेक्षा जास्त कामाचा आहे.

शेजाऱ्यांची एनओसी लागते का, हे प्रत्येक जण विचारतो. अमेरिकेत बऱ्याच गावांत निवासी भागातलं डे-केअर वाढवायचं तर विशेष परवान्याचा अर्ज करायला लागतो, आजूबाजूच्या घरांना पत्रं जातात, जाहीर सुनावणी होते, शेजारी येऊन बोलतात, मग बोर्ड ठरवतं. आपल्याकडं साध्या बांधकाम परवानगीत असली सुनावणी नाही. तुमचा स्वतःचा प्लॉट, स्वतंत्र घर असेल तर शेजाऱ्याची सही नकाशाला लागत नाही. लोकांच्या हरकती मागवायची पद्धत आपल्याकडं येते ती झोनच बदलायचा असेल तेव्हा, कलम ३७ खाली. त्यात महापालिकेचा ठराव, मग नोटीस, महिनाभर हरकती-सूचना, मग शासनाची मंजुरी, एवढा लांब रस्ता आहे आणि एका पाळणाघरासाठी त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, त्यापेक्षा योग्य जागा भाड्यानं घेतलेली परवडली. अपार्टमेंटमधला फ्लॅट असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं सोसायटी किंवा अपार्टमेंटच्या घोषणापत्रात वापराची अट असते आणि सोसायटीच्या संमतीशिवाय फाईल पुढं सरकवण्यात अर्थ नाही. भाड्याची जागा असेल तर अर्जावर मालकाची सही, कारण परवानगी त्याच्या मालमत्तेवर नोंदते.

गोंगाटाची तक्रारही येते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमात निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे. पोरांच्या रडण्या-हसण्यावर कोणी मीटर घेऊन येत नाही, पण गॅदरिंगला गच्चीवर स्पीकर लावला तर मग बोलायला जागा राहत नाही.

अजून एक, कॉलनीची ओपन स्पेस. ले-आऊटमध्ये सोडलेली मोकळी जागा समोरच असते, मंदिर एका कोपऱ्यात, बाकी रिकामी, मग मोह होतो की पोरांना खेळायला तिथंच जाळी मारून घेऊ. पोरांना घेऊन जा, खेळवा, परत आणा. कुंपण घालू नका, खेळणी रोवू नका, आणि नकाशात ती जागा आपली म्हणून तर मुळीच दाखवू नका. ती सगळ्या प्लॉटधारकांची आहे आणि ओपन स्पेसवरून आपल्याकडं जेवढी भांडणं कोर्टात जातात तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून जात असतील.

इमारतीच्या आतलं थोडक्यात पण नीट ऐका. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये २० किंवा जास्त मुलांसाठीचा दिवसभराचा सांभाळ शैक्षणिक गटात येतो. म्हणजे वीसचा आकडा ओलांडला की तुमच्याकडं घर म्हणून नाही, शाळेसारखं बघितलं जातं. याचा सगळ्यात मोठा मार बसतो जिन्यावर. घराचा जिना आपण तीन फुटाचा काढतो, शैक्षणिक इमारतीला तो दीड मीटरचा लागतो, जवळजवळ पाच फूट. जुन्या घरात हा जिना बसवायचा म्हणजे एक खोलीच जाते. म्हणून मी बहुतेकांना सांगतो की वरच्या मजल्यावर स्वतः राहायला जा आणि तळमजला पूर्ण पोरांना द्या. तान्ही पोरं वर ठेवूच नयेत, आग लागली तर दोन मावश्या कडेवर किती लेकरं घेऊन उतरणार? शिवाय रॅम्प लागतो, उतार १२ ला १, म्हणजे जोतं दीड फूट उंच असेल तर अठरा फूट लांब रॅम्प. तो सरळ बसत नाही, वळवून घ्यायला लागतो, आणि तोही पार्किंगची जागा खातो. अग्निशमनाचं २००६ च्या कायद्यात आहे, यंत्रणा बसवल्यावर लायसन असलेल्या एजन्सीकडून ए फॉर्म, म्हणजे ती बसवल्याचा दाखला, आणि पुढं दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये बी फॉर्म, म्हणजे ती चालू असल्याचा दाखला. सिलिंडर भिंतीला टांगून विसरायची गोष्ट नाही ती.

अर्ज ऑनलाइन जातो, बीपीएमएस या पोर्टलवर, तुमच्या आर्किटेक्ट किंवा लायसन इंजिनियरच्या लॉगिनमधून. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा, मंजूर ले-आऊट, जुनी परवानगी, प्रस्तावित नकाशा, घरपट्टी भरल्याची पावती. अर्जात 'वाढीव बांधकाम' आणि 'वापरात बदल' दोन्ही लिहायला सांगा. काही जण पैसे वाचवायला नुसतं वाढीव निवासी म्हणून मंजूर करून घेतात आणि मग वर पाळणाघर चालवतात, त्याला काही अर्थ नाही, कारण मंजुरी निवासी आणि बोर्ड पाळणाघराचा, म्हणजे तक्रारदाराला पुरावा तुम्हीच दिला. पैशात विकास शुल्क येतं, ते वापर बदललाय म्हणूनही लागतं, छाननी फी, आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का कामगार उपकर. मंजुरीनंतर घरपट्टीचा दर आणि महावितरणची मीटरची कॅटेगरी बदलायला अर्ज करावा लागतो. तो खर्च महिन्याच्या फीमध्ये आधीच धरून चला, नंतर पालकांना वाढीव फी सांगताना तोंड कडू होतं.

मुदतीचं असं, अर्ज पूर्ण असेल तर कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर परवानगी मिळाली असं मानतात. पण हे मानीव परवानगीचं हत्यार घेऊन लगेच जेसीबी बोलवू नका. नकाशा नियमात पूर्ण बसत असेल तरच ती टिकते, एक फूट मार्जिन कमी असलं तरी ती हवेतली. मंजुरी एक वर्ष चालते, पुढं वर्षावर्षानं वाढवून घेता येते, त्यालाही मर्यादा आहे, म्हणून मंजुरी घेऊन फाईल कपाटात ठेवू नका.

नोटीस आधीच आली असेल, म्हणजे वरचा मजला झालाय, पोरंही आलीत आणि आता महापालिकेचा कागद दारावर चिकटलाय, तर घाबरून गप्प बसू नका आणि नगरसेवकाकडं धावत जाऊन काम मिटलं असंही समजू नका. कलम ५३ खालच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत तुम्ही ते बांधकाम किंवा वापर कायम ठेवायला परवानगी मागणारा अर्ज करू शकता, आणि जेवढं नियमात बसतं तेवढं वाचतं. मुदत गेली की तो दरवाजा बंद, पुढं पाडापाडी आणि कलम ५२ खाली दंड-कैदेपर्यंतची तरतूद. आणि परवानगी नाकारली, किंवा जमणारच नाही अशा अटी टाकून दिली, तर शासनाकडं अपील करता येतं, कलम ४७, आदेश हातात पडल्यापासून ४० दिवसांच्या आत. त्यासाठी नाकारल्याचा लेखी आदेश लागतो, त्यात कारणं लिहिलेली असावी लागतात. टेबलावर कोणी तोंडी "तुमचं नाही होणार" म्हणालं तर ते नाकारणं नाही, तेव्हा आवक नंबर घेऊन लेखीच मागा.